एस.टी.ने धाडलेली गुप्त किल्ली

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मी जळगावात कॉम्प्युटर शिकवायचो, म्हणजे खरं तर टायपिंग. उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवरून निनावी टपाल चालवायचो, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव लपवून ई-मेल. पत्राला सांकेतिक लिपीची एकावर एक कुलपं लावायची. जळगाव, धुळे, पुणे अशा मशीनवर ती एकेक करून उघडायची. पूर्ण रस्ता मी सोडून कुणालाच ठाऊक नाही. गिऱ्हाईक एकच: शिरपूरकडच्या एका दवाखान्यातली नर्स. तिथली औषधं मागच्या दाराने बाजारात जात, हे ती पुण्याच्या एका पत्रकाराला कळवायची. नाव फुटलं तर नोकरी जाणार, आणि घर तिच्याच पगारावर.

मग मी वाचलं, की पुढेमागे अणूंच्या चालीने गणित करणारं यंत्र, क्वांटम कॉम्प्युटर, येईल आणि आमची ही कुलपं सहज उघडेल. आज कुणी पत्रं साठवली असतील, तर तीही तेव्हा वाचता येतील. झालं. जिथे लाईट टिकत नव्हती, तिथे मी त्या यंत्राशी लढायला निघालो.

उपाय साधा होता. कुलपाची किल्ली फोनच्या तारेवरून न पाठवता हातोहात द्यायची. मी ती फ्लॉपीवर भरली. धुळ्याचं मशीन सांभाळणाऱ्या मित्राकडे जायचा कंटाळा, म्हणून सगळे डबे धाडतात तशी एस.टी.च्या ड्रायव्हरकडे दिली.

"आबा, नाव नको. एक जण येऊन घेईल."

"बिननावनं पार्सल कोन लई? कोनी धाडं, कोनले देवानं, मझार काय शे, बठ्ठं लिखा."

मागून लोक चढत होते. मी सगळं लिहिलं. माझं नाव, मित्राचं नाव, आणि आत काय, तर 'गुप्त किल्ली'. दुसरं काही सुचलंच नाही.

मित्र उशिरा पोचला. तोवर धुळ्याच्या स्टँडवर लाऊडस्पीकरवरून आम्हा दोघांच्या नावासकट किल्लीचा पुकारा चालू होता. त्याचा फोन आला. "नाना, पानवालासुद्धा विचारतो, कसली किल्ली? मला यातून मोकळं करा."

धुळ्याचं मशीन गेलं, म्हणून नर्स जळगावला आली तेव्हा तिला सगळं सांगावंच लागलं. तिने एवढंच विचारलं.

"आधीच्या पत्रांचं काय, भाऊ?"

"ती जुन्याच कुलपात आहेत. कुणी ठेवली असतील तर आता बदलता येत नाहीत."

"ते यंत्र कधी येणार?"

"माहीत नाही."

"माझी पोरगी नोकरीला लागल्यावर आलं तर बरं," ती म्हणाली, आणि शिरपूरच्या गाडीसाठी उठली. तिने परत पत्र दिलं नाही. मीही मागितलं नाही.