टपावरून उतरलेले काका

सकाळी सुलभाकाकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघायच्या घाईत होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली, फोन कानाशी खांद्याने दाबून धरलेला. "अश्विनी, काका गेले गं," काकू म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न बाहेर पडला तो असा: "कुठून पडले?" पलीकडून काकूंचा आवाज आला. रडवेला होता, पण त्यात थोडं आश्चर्यही होतं. "पडले नाहीत गं. खुर्चीत होते. चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि मान मागे टेकवली. मला वाटलं, डुलकी लागली." मी डबा ओट्यावर ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसले. रडू नंतर आलं, आणि पुष्कळ आलं. पण त्याच्या आधी आलं ते हायसं वाटणं. आज काही आठवड्यांनी हे लिहितानाही ते मला लपवावंसं वाटत नाही. श्रीकांतकाकांबद्दलच्या ज्या फोनची मी कित्येक वर्षं धास्ती घेतली होती, तो हा फोन नव्हता.

काका माझे नात्याने कुणी नव्हेत. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नागपूरहून मिशिगनमधल्या ट्रॉयला आलो, तेव्हा इथल्या मराठी मंडळींत सगळ्यात आधी ज्यांनी घरी जेवायला बोलावलं ते हे दोघं. आमच्या पुढच्याच गल्लीत त्यांचं घर. काका मूळचे सांगलीचे, इथे मोटार कंपनीत इंजिनीअर. नोकरीभर त्यांचं काम एकच, गाडी आदळली तर आतल्या माणसाचं काय होतं ते तपासायचं. पुतळे गाडीत बसवायचे, पट्टे बांधायचे, गाडी भिंतीवर आपटायची आणि मग पुतळ्याची मान किती वाकली ते मोजायचं. त्यामुळे त्यांच्या गाडीत बसलं की पट्टा लावल्याचा आवाज ऐकल्याशिवाय ते किल्ली फिरवत नसत. इतक्या सावध माणसाने निवृत्तीनंतर स्वतःसाठी एकच हौस केली, ती म्हणजे ट्रेलर. मोटारीमागे जोडून ओढून न्यायचं चाकांवरचं घर. लांबीला जवळजवळ आपल्या एसटीएवढं. आत पलंग, शेगडी, फ्रीज, मोरी, सगळं. उन्हाळ्यात दोघं तो घेऊन उत्तरेकडच्या तळ्यांकाठी जायचे. शनिवार-रविवारी आम्हीही मुलांना घेऊन मागोमाग. बाहेर जाळीवर कणसं भाजली जायची, आत काकूंचं पिठलं रटरटत असायचं आणि शेजारच्या ट्रेलरमधले लोक वास घेत घेत ओळख करून घ्यायला यायचे.

प्रश्न उन्हाळ्याचा नव्हताच. प्रश्न होता ऑक्टोबरचा. इथल्या बर्फात एवढी मोठी वस्तू अंगणात उभी ठेवायची तर नळांतलं पाणी काढा, त्यांत न गोठणारं गुलाबी द्रावण भरा, बॅटरी काढून घरात आणा, चाकांखाली ठोकळे लावा... आणि शेवटी सगळ्यावर पांघरूण घाला. पहिल्या वर्षी काकांनी आपल्याकडच्यासारखी निळी ताडपत्री आणली आणि दोरीने जाम आवळून बांधली. सांगलीत पावसाळ्याआधी शेडवर बांधायचे तशी. सगळ्या गल्लीला दाखवलं, "बघा, एक थेंब आत जाणार नाही." आत गेला नाहीच. पण आतला दमटपणाही बाहेर आला नाही. एप्रिलमध्ये दार उघडलं तर गाद्यांना हिरवी बुरशी, आणि वाऱ्याने फडफडून ताडपत्रीच्या कडांनी रंग खरवडलेला. काकू नाकाला पदर लावून म्हणाल्या, "लोणच्याची बरणी झालीय याची." काका हसले नाहीत. मग त्यांनी अभ्यास केला आणि हवा खेळेल असं जाड कापडी कव्हर मागवलं, ट्रेलरच्या मापाचं, बाजूला चेन असलेलं. कव्हर उत्तम होतं. अडचण एवढीच की ते नीट बसवायचं तर टपावर चढावं लागायचं.

काकांना ती अडचण वाटत नसे. साठीत नाही, सत्तरीतही नाही. ट्रेलरला शिडी लावायची, खाली काकूंनी ती धरायची आणि काका वर. कव्हर घालण्याआधी टपाचे सगळे सांधे बोटाने चाचपून बघायचे, कुठे चीर दिसली की चिकटा भरायचा. ते काम झालं तरी लगेच खाली येत नसत. टपावर मांडी घालून बसायचे. काकू खालून ओरडायच्या, "अहो, उतरा आता! पोळ्या गार होतात."

"दोन मिनिटं गं."

"तुमची दोन मिनिटं मी लग्नापासून ऐकतेय."

मी एकदा विचारलं, वर एवढं काय आहे? म्हणाले, "खाली दुखणारे गुडघे वर दुखत नाहीत. तुला काय सांगू!" त्या माणसाला खाली उतरवायचा चंग मी बांधला होता. मी याद्या करणारी बाई आहे. कुठलीही काळजी मला कागदावर उतरवल्याशिवाय झोपू देत नाही. ट्रेलर विका. ट्रेलर छोटा घ्या. कव्हर घालायला माणूस लावा. दर सप्टेंबरमध्ये मी हे पर्याय घेऊन त्यांच्या ओट्याशी उभी राहायचे आणि काका शांतपणे शेंगा सोलत ऐकायचे. "अश्विनी, तुझ्या यादीत माझा नंबर कितवा?"

"पहिला. खोडताच येत नाही म्हणून."

"राहू दे मग. पहिल्या नंबरावर राहायला कुणाला आवडत नाही?"

त्यांचा मुलगा रोहन पश्चिम किनाऱ्यावर असतो. तो फोनवर म्हणायचा, "डॅड, जस्ट सेल इट. प्लीज." काका त्याला मराठीत उत्तर द्यायचे, "तुझी सायकल मी विकली होती का रे?" आणि विषय संपायचा. मी रागावून एकदा बोललेही, की आयुष्यभर दुसऱ्यांच्या माना मोजल्यात, स्वतःच्या मानेचं काय? त्यावर ते म्हणाले, "माझ्या मानेला अनुभव आहे." आता अशा माणसाशी भांडणार कसं? पण मला कळत होतं. टपावर चढणं थांबलं की पुढचं वाक्य कुठलं येणार हे त्यांना ठाऊक होतं. आधी टप, मग ट्रेलर, मग गाडीची किल्ली, मग घर. ते पहिल्याच पायरीवर आम्हाला अडवून धरत होते.

मग तो ऑक्टोबर आला. सकाळपासून वारा होता, म्हणून मी मुद्दाम गेले. काका आधीच वर, कव्हर अर्धं उलगडलेलं. मी "उद्या करा" म्हणेपर्यंत वारा कव्हराखाली शिरला आणि ते शिडासारखं फुगलं. काकांचा पाय सरकला. ते टपाच्या कडेशी धप्पकन बसले... बसले, एवढंच. काही झालं नाही. थोड्या वेळाने एकेक पायरी करत खाली आले, जमिनीवर उभे राहिले, हात झटकले. काकू मात्र शिडी सोडेनात. दोन्ही हातांनी धरलेली, बोटं पांढरी पडलेली. आदल्याच वर्षी त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं.

"सुलभा, सोड. आलो मी खाली," काका म्हणाले.

"सोडते. आधी सांगा, तुम्ही पडला असतात तर मी काय धरणार होते?"

काकांनी टपाकडे पाहिलं, मग काकूंकडे. उंचीने त्यांच्या खांद्याला लागणारी ती बाई, बरोबर त्या कडेच्या खाली उभी. वरून माणूस कोसळला तर खालच्याचं काय होतं, हे त्या अंगणात त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. त्यांनी काकूंची बोटं एकेक करून शिडीवरून सोडवली आणि अगदी हळू म्हणाले, "तू खाली असतेस, हे मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं." तेवढंच. त्या दिवशी कव्हर अर्धवटच राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन, खणखणीत आवाजात: "यादी काढ. टपावर न चढता काय काय करता येईल, बोल."

त्यानंतरचे दिवस माझ्या आठवणीत फार आनंदाचे आहेत. एकदा जमिनीवरून विचार करायचा ठरल्यावर काका त्यात पुतळ्यांच्या काळातल्यासारखे रमले. टपाचे सांधे तपासायला दर वसंतात दुरुस्तीवाला येईल असं ठरलं. टोकदार कोपऱ्यांनी कव्हर फाटू नये म्हणून त्याच्याकडूनच तिथे फोमचे तुकडे बसवून घेतले. राहिला प्रश्न एवढं अवजड कव्हर खालून वर चढवायचा. दोऱ्या बांधून पलीकडून ओढलं तर ते गोळा होऊन मध्येच अडकायचं. काका वैतागले, मी वैतागले. काकू पायरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अहो, असं बोचकं करून ओढाल तर काय येणार? लुगड्याच्या निऱ्या घालतात तशा घाला. ओढलं की एकेक निरी आपोआप सुटत जाईल." आणि उठल्याच. अंगणात कव्हर पसरून आम्ही तिघांनी त्याच्या लांबलचक निऱ्या घातल्या, पुढच्या टोकाला दोऱ्या बांधल्या, त्या टपावरून पलीकडे टाकल्या. एकीकडे मी, एकीकडे माझा नवरा, आणि काका मध्ये उभे राहून हात हलवत, "डावीकडे सोड... उजवीकडे ओढ... हं, चल!" कव्हर निरीनिरीने सुटत ट्रेलरवर पसरत गेलं. काकू टाळ्या वाजवत म्हणाल्या, "नेसवलं एकदाचं!" समोरचा शेजारी त्याचं अंगण झाडता झाडता थांबून बघत होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या.

दोन हिवाळे असे गेले. मग काकांचे खांदेही कुरकुरायला लागले आणि ट्रेलर मागे घेताना मान वळेनाशी झाली. या वेळी त्यांनी स्वतःच विषय काढला. पांघरूण घालणं जमत नसेल तर छपराखालीच का ठेवू नये? शहराबाहेर उत्तरेला एका शेतकऱ्याचा गवत साठवायचा मोठा गोठा रिकामा होता. पक्की जमीन, कोरडी हवा. हिवाळ्यात तो तिथे लोकांच्या बोटी आणि ट्रेलर ठेवून घ्यायचा. शरदात स्वतः येऊन ट्रेलर ओढून न्यायचा आणि उन्हाळ्यात तळ्याकाठी नेऊन उभा करून द्यायचा. म्हणजे कव्हरही नको आणि ओढणंही नको. पहिल्यांदा तो ट्रेलर घेऊन निघाला तेव्हा काका माझ्या गाडीत बसून मागोमाग आले. इतकी वर्षं त्यांनी तो धावताना फक्त आरशात पाहिलेला. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येतंय. तर म्हणाले, "मागून बरा दिसतो की!" रोहनने त्या रात्री व्हिडिओ कॉलवर विचारलं, "सो, यू ओके, डॅड?" काका म्हणाले, "अरे, उगाच एवढी वर्षं तंगड्या वर करत होतो." त्यानंतरचे त्यांचे उन्हाळे तळ्याकाठीच गेले, ट्रेलरच्या दारात, पाय जमिनीवर टेकवून. मी मात्र ऑक्टोबरात वारा सुटला की घरातूनच त्यांना फोन करायचे, कुठे आहात म्हणून. ते म्हणायचे, "कोचावर. आणि कोचाला शिडी लागत नाही."

ते गेले तेव्हा बर्फ वितळत आला होता. रोहन येऊन सगळं करून गेला. ट्रेलरचं काय करायचं, हे त्याने आईवर सोपवलं आणि घाई करू नकोस म्हणाला. त्याने एवढं म्हटलं हेही मला बरं वाटलं. एप्रिलच्या एका शनिवारी काकू म्हणाल्या, "चल, बघून येऊ." गोठ्याचं मोठं दार सरकवून शेतकऱ्याने दिवा लावला. ट्रेलर दोन बोटींच्या मध्ये उभा होता, उघडा, स्वच्छ, टपावर नुसती धूळ. काकूंनी कुलूप काढलं. मी आत शिरताना सवयीने श्वास रोखला होता, पण वास कसलाच नव्हता. गाद्या भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या. फ्रीजच्या दारात घडी करून खोचलेला पंचा, ते मिटू नये म्हणून. आणि सगळी कपाटं, सगळे खण, ओट्याखालची दारंसुद्धा चार बोटं उघडी. आत कुणीतरी काहीतरी शोधत होतं आणि एवढ्यातच बाहेर गेलंय, असं वाटावं तशी. ट्रेलर गोठ्यात ठेवायच्या आदल्या दिवशी काका एकटेच आत बसून हे करायचे, काकूंनी सांगितलं. बुरशीचा धडा विसरले नव्हते.

मी व्यवस्थित बाई. उघडं दार दिसलं की माझा हात पुढे जातोच. मी चहाच्या डब्यांचं कपाट लावायला गेले तर काकू म्हणाल्या, "असू दे गं. त्यांनी हवेसाठी ठेवलंय." मी हात मागे घेतला. आम्ही दोघी थोडा वेळ त्या अर्धवट उघड्या दारांमध्ये उभ्या राहिलो... मग खाली उतरलो आणि बाहेरचं तेवढं एक दार ओढून घेतलं.