चौथ्या भोकातलं मेण

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला शाळेत मुलांकडून सरगम घोटून घेत होते. मामेभाऊ एवढंच म्हणाला, "ताई, अप्पा गेले. मातीला ये." अहमदपूरला पोचले तोवर खड्डा खणून झाला होता. आमच्यात बसवून पुरतात. कुणीतरी विचारलं, सनई संगं ठेवायची का? मामी कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "नगं. बिघडल्याली हाय ती." आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

अप्पा माझे मामा. महादेवाच्या देवळात पहाटे सनई वाजवायचे, आणि पार निलंग्याकडचे वाजंत्रीही आपल्या सनया दुरुस्तीला त्यांच्याकडे आणायचे. फुंकायची पत्ती चिरली, तिचा धागा सुटला, नळी हलायला लागली, की अप्पांची आठवण. तोंडात पत्ती भिजत असायची, म्हणून कामात बोलणं सगळं हुंकारातच. बोटं ठेवायच्या भोकांना कडेने मेण लावून ते सूर जुळवायचे. तांदळाएवढं मेण वाढलं की सूर उतरतो, तेवढंच काढलं की चढतो. माझ्या पेटीची त्यांना भारी गंमत वाटायची. "तुला सूर आयता भेटतो माय. बोट ठिवलं की झालं!"

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अहमदपूरला गेले तर सनई काळवंडून गेलेली. अप्पा लातूरला डॉक्टरकडे गेले होते. म्हटलं, येईपर्यंत चकचकीत करून ठेवू, खूश होतील. गरम पाणी घेतलं, सुईने भोकाभोकातला मळ कोरून काढला, तेलाने पुसली आणि खुंटीला टांगून दिली. तो मळ नव्हता... माझ्या आजोबांनी मरायच्या आधी जुळवून दिलेलं मेण होतं, अप्पांनी पुढे जिवापाड सांभाळलेलं. अप्पांनी एकेका भोकावरून बोट फिरवलं. "लई झ्याक केलीस," म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते.

मेण पुन्हा लावायचं तर सूर नीट ऐकू यायला हवा, आणि अप्पांचे कान आता वयाने गेलेले. "तू सांग, म्या लावतो," म्हणाले. मग दर रविवारी मी पहाटेची एसटी धरायची. देवस्थानच्या मंडळींनी विजेवर चालणारा नगारा आणून ठेवला होता, श्रावणापासून तोच वाजणार होता. अप्पांचं म्हणणं एकच, पहिल्या सोमवारी त्या मशीनच्या आधी एकदा आपली सनई वाजली पाहिजे. बाकीची भोकं जुळली. चौथं काही केल्या जुळेना. फुंकायचे, खोकायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे. सूर किंचित उतरलेलाच. त्यांना घाम फुटला होता, ओठ निळे पडले होते. आणखी एकदा फुंकले तर इथेच जातील, असं मला वाटलं. मी म्हणाले, "बरोबर आहे अप्पा. लागला."

त्यांनी मेणावर नख दाबलं आणि हसले.

सोमवारी देवळात तो सूर आला आणि चौघडेवाल्याचा हात थबकला. दोघं-तिघं हसले. कुणीतरी मशीनचं बटण दाबलं. अप्पांना सूर ऐकू आला नाही, पण माणसांचे चेहरे दिसत होते. एकदा माझ्याकडे बघितलं त्यांनी... मग सनई धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी चालत गेले. त्यानंतर दोन महिने जगले. पत्ती तोंडाला लावली नाही, आणि मला एका शब्दाने विचारलंही नाही. मी जात राहिले, तेही चहा पाजत राहिले.

दिवस झाल्यावर मामीने सनई माझ्याच पिशवीत घातली. आता ती माझ्या पेटीशेजारी असते. चौथ्या भोकावर त्यांच्या नखाची खूण अजून तशीच आहे. परवा सुई हातात घेतली आणि परत ठेवून दिली. तांदळाएवढं मेण काढलं की सूर लागेल. हे मला तेव्हाही कळत होतं.