अर्धं पाऊल

मोबाइल मार्केटिंगच्या कार्यक्रमांना मी नेमानं जातो. तिथं चहाची वेळ हाच खरा कार्यक्रम असतो. प्रत्येकाच्या गळ्यात नावाचं कार्ड, आणि माणसं चेहऱ्याआधी ते कार्ड वाचतात. मीही वाचतो.

परवा सांगलीच्या एक बाई मला विचारत होत्या, "आमच्या बेदाण्यांची जाहिरात फोनवर कशी करावी?" मी उत्तर देत होतो, पण नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, एका बड्या कंपनीच्या माणसाला शोधत होती. त्या अर्धं पाऊल बाजूला झाल्या.

"बघा, आता नीट दिसेल तुम्हाला."

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लाज वाटली.

नंतर सभागृहात वक्ता सांगत होता की ग्राहकाचं लक्ष क्षणात उडतं, ते धरून ठेवायला शिका. सगळे लिहून घेत होते. दुसऱ्याचं लक्ष कसं मिळवायचं हे शिकायला मी इतक्या ठिकाणी गेलो; आपलं कसं द्यायचं, हे कधी विचारलंच नाही.

रात्री जेवताना बायको काहीतरी सांगत होती. फोन उजळला आणि मी वाचू लागलो. ती बोलायची थांबली, भाजीचं पातेलं उचलून ओट्याकडे वळली. ते अर्धं पाऊल मी लगेच ओळखलं. ही किती वर्षं अशी बाजूला होत आली असेल?

मी फोन पालथा ठेवला. "काय म्हणत होतीस?"

"तुझं होऊ दे आधी," ती म्हणाली. "मी आहे इथंच."

तिच्याही आवाजात राग नव्हता.