बिनफोडणीची आमटी
मोहरी तडतडली की मला ती काचेची टाकी आठवते. धाकटा भाऊ अपघातात गेला, आणि त्यानं हौसेनं पाळलेला केशरी गोल्डफिश तेवढा घरात मागं उरला. एकदा त्याच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. माशांच्या दुकानदारानं फोटो बघून सांगितलं, "व्हाइट स्पॉट हाय. खडेमीठ टाका, पाणी कोमट ठेवा." मी तसं केलं. आईनं मात्र काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाली, "कांजिण्या आल्यात लेकराला. बरं वाटंस्तोर घरात फोडणी न्हाय." टाकीवर तिनं कडुलिंबाचा डहाळा ठेवला. तांबड्या रश्श्याशिवाय घास न उतरणारे वडीलसुद्धा बिनफोडणीची आमटी मुकाट्यानं जेवायचे. मासा वर येऊन धापा टाकायचा आणि आई काचेवरून बोट फिरवत म्हणायची, "दम धर की रं बाळा." मग एका सकाळी मोहरी-लसणाच्या खमंग वासानं मला जाग आली. आई चुलीकडं तोंड करून उभी होती. मासा गेला हे कळायला टाकीकडं बघायची गरजच उरली नव्हती. आज माझ्या घरात रोज फोडणी बसते. त्या वासानं आधी नजर ती टाकी शोधते. भूक मग लागते.