काचेच्या नळ्या

आमचं घर किराणा दुकानाचं. मापात पाप करायचं नाही, ही वडिलांची पहिली शिकवण. दुसरी काचेची. तेल, तूप, लोणचं काचेच्या बरणीत. प्लास्टिक त्यांनी घरात कधी येऊ दिलं नाही. वर्ध्याजवळच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागलो तेव्हा या दोन्ही गोष्टी सोबत घेऊन गेलो, आणि दुसरीनं पहिलीचा घात केला.

माझं काम रक्तातलं हिवतापाचं औषध मोजायचं. आंजीच्या पलीकडच्या गावांतून रक्त यायचं, क्लोरोक्विनच्या गोळ्या सुरू केल्यापासून सातव्या दिवशी काढलेलं. त्यातून औषध वेगळं काढायचं, द्रवात विरघळवायचं आणि यंत्रात सोडायचं. औषध असलं की पडद्यावरची रेघ टेकडीसारखी वर उठते. टेकडी मोठी तितकं औषध जास्त. पुरेसं औषध असूनही ताप उलटला, तर डॉक्टरांनी औषधावर शंका घ्यायची. रक्तात औषधच नसेल, तर शंका गोळ्या देणाऱ्या माणसावर जाते.

त्या आठवड्यात प्लास्टिकच्या नळ्या संपल्या. नवा डबा यायला वेळ होता. कपाटात काचेच्या नळ्या होत्या. मी त्या स्वतः घासून, तीन पाण्यांतून काढून लख्ख केल्या. मनात म्हटलं, प्लास्टिकपेक्षा काच केव्हाही बरी. क्लोरोक्विन काचेला चिकटून बसतं, म्हणून काच वापरू नये, हे आमच्या कार्यपद्धतीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. ते पान मी वाचलेलं होतं. ज्यांतलं औषध किती हे आधीच ठाऊक असतं, ते तुलनेचे नमुने मात्र आधीच प्लास्टिकमध्ये करून ठेवलेले. म्हणजे वजनं एका तराजूत आणि माल दुसऱ्यात.

सगळ्याच टेकड्या बुटक्या आल्या. एकजात सगळ्या. दुकानात असं झालं असतं तर वडिलांनी आधी तराजू तपासला असता. मला वाटलं, खेड्यातले लोक, गोळ्या फेकतातच. शंकेची पाल चुकचुकली होती, नाही असं नाही. पण पुन्हा मोजायचं म्हणजे दोन दिवसांचं काम. मी सही केली.

पुढच्या बैठकीत अहवाल समजावून सांगायला मला आरोग्य केंद्रात बोलावलं. एका बाईचा ताप उलटला होता आणि माझ्या अहवालाप्रमाणे तिच्या रक्तात औषध जवळजवळ नव्हतंच. तिच्या गावात गोळ्या देणाऱ्या आशाताईला केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी उभं केलं. बाकीच्या आशाताई खाली बघत बसल्या.

"गोळ्या चारल्या की नुसतं रजिस्टर भरलं?"

"सर, तीनही दिवस तिच्या घरी जाऊन माह्या हातानं देल्या. तिनं पानी पेलं, तोंड उघडून दाखोलं." मग ती माझ्याकडे वळली. "मंग रक्तात काऊन नाई, सर?"

"मशीन खोटं बोलत नाही, ताई," मी म्हणालो. वर थोडं हसलोही. ते हसू आठवलं की अजून कानशिलं तापतात.

नव्या नळ्या आल्या आणि टेकड्या एकदम उंच झाल्या. तेव्हा मी त्या बाईचं फ्रीजरमधलं उरलेलं रक्त काढलं आणि नीट मोजलं. औषध होतं, भरपूर होतं. सुधारित अहवाल साहेबांकडे गेला. त्यांनी तो फाइलला लावला.

मला राहवेना. एका रविवारी मोटरसायकल काढून त्या आशाताईच्या गावी गेलो. ती ओसरीवर बसून गोळ्यांची रिकामी पाकिटं दोऱ्यात ओवत होती. प्रत्येकावर रोग्याचं नाव पेनानं लिहिलेलं. "आता फेकत नाई मी," ती म्हणाली. "कोनी इचारलं त दाखवाले." गावात आता लोक तिच्या हातून गोळी घेताना हिशेब विचारतात, तेही तिनं सांगितलं. तक्रारीच्या सुरात नव्हे, भाजी महागली असं सांगावं तसं.

मी म्हणालो, "ताई, चूक माझी होती. तुम्ही गोळ्या दिल्या होत्या."

तिनं दोरा खाली ठेवला. मग म्हणाली, "हे मले कायले सांगता? मले त माहीतच होतं. जिथं मले खोटी पाडलं, तिथं सांगा."

सांगतो म्हणालो. तिनं चहा दिला. तो पिऊन निघालो.

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो. सगळ्या आशाताई समोर होत्या, साहेब होते. घरून वाक्य पाठ करून गेलो होतो: मी चुकीच्या नळ्या वापरल्या आणि संशय आला तरी पुन्हा मोजलं नाही. तोंडातून निघालं ते असं: "मागच्या वेळी टेक्निकल अडचणीमुळे काही निकाल कमी आले होते. ते आता दुरुस्त केले आहेत." साहेबांनी मान डोलावली आणि मच्छरदाण्यांचा विषय काढला. मी खाली बसलो. सुटल्यासारखं वाटलं, हेही कबूल करतो.

बैठक संपल्यावर ती दारात थांबली होती. पिशवीत पाकिटांची माळ होती, तिनं ती बाहेर काढलीच नाही. तिचा आवाज शांत होता.

"सर, टेक्निकल अडचण म्हंजे कोन?"

मी गाडीची किल्ली खिशात चाचपत राहिलो. ती बस पकडायला निघून गेली.