एसटीतला भुताचा पिच्चर

बारामतीहून निमगाव केतकीला परतताना एसटीत एक मावशी भेटल्या. कानाला काही न लावता मोबाइलवर भुताचा पिच्चर बघत होत्या, त्यामुळे किंकाळ्यांचा लाभ सगळ्या गाडीला होत होता. खिडकीशी त्यांचे मालक झोपले होते. हाताला दवाखान्यातली पांढरी पट्टी होती.

मी शेजारी टेकलो, तशी मावशींनी आपली मतं न विचारता ऐकवली.

"हाणामारीचं पिच्चर बी बघती मी. गुंड ढीगभर असत्यात, पण हिरोकडं एकेक करूनच जात्यात. एवढी शिस्त एसटीत चढताना कुणाला हाय का?"

पडद्यावर एक मुलगी अंधाऱ्या तळघरात उतरायला लागली.

"घरात भूत हाय हे समद्यांना ठावं, तरी ही एकटीच निघाली. दिवा लावायला हात मोडलाय जणू."

"मग तुम्हाला भीती वाटते तरी कशाची?" मी चिडवलं.

त्यांनी मालकांकडं पाहिलं. "ह्यांना डायलिसिसला नेती. तितं डॉक्टर बाहेर आला की काय सांगंल ह्याचं भ्या वाटतं. ह्यातलं भूत बरं, बटण दाबलं की गप बसतंय."

सणसरजवळ गाडी खड्ड्यात आदळली. नेमकी तेव्हाच मोबाइलमधून मोठी किंकाळी आली. मालक दचकून जागे झाले.

"कोण मेलं गं?"

पडद्यावर तोवर निम्मं गाव मेलं होतं. मावशींनी घाईनं आवाज बंद केला आणि पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला.

"कुणी न्हाय. झोपा तुमी."