खो-खोवाल्याची कंपनी

आधी कबुली देऊन टाकते. सबंध यवतमाळ जिल्ह्यात फोनला मराठी शिकवणारी पहिली बाई मीच असेन, आणि शिकवून त्याला बहिरा करणारीही मीच. उद्योग माझा नव्हे, माझ्या जावेच्या मुलाचा. त्याच्याइतका सरळ माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही, आणि हे कौतुक समजू नका. तो खो-खोत राज्याकडून खेळलेला. त्या खेळात एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळता येत नाही. पुढे गुडघ्याने दगा दिला, खेळ सुटला, पण नियम अंगात राहिला. एकदा बोरी अरबहून मला मोटरसायकलवर यवतमाळला सोडायला निघाला आणि बोलण्याच्या नादात उलट्या रस्त्याला लागला. "अरे, मागे वळव," म्हटलं, तर म्हणतो, "मोठी आई, समोर कुठंतरी निंघतेच ना!" निघालो ते थेट दिग्रसला. मी एसटीने परत आले. त्याला मात्र तिथे खताच्या दुकानावरची एक खोली रिकामी दिसली, म्हणून कंपनी दिग्रसलाच निघाली.

कंपनीत पाच जण. खुर्च्या एका ओळीत. एकाचं तोंड खिडकीकडे, तर शेजारच्याचं भिंतीकडे. काम पुढच्याला द्यायचं तर पाठीवर थाप मारून "खो!" म्हणायचं. नव्याने लागलेल्या मुलीने पहिल्याच "खो"ला हातातला चहा कीबोर्डवर ओतला; उठण्याचा वेग पाहून याने तिला शाबासकी दिली. पुण्याहून एक गुंतवणूकवाले साहेब आले होते. त्यांनी विचारलं, "तुमचा एक्झिट प्लॅन काय?" हा म्हणाला, "कायले? आताच तं आलो!"

शेतकऱ्याने पिकाचं दुखणं फोनला सांगायचं आणि फोनने उपाय सांगायचा, असा हा धंदा. त्यासाठी आधी फोनला माणसाचं बोलणं ऐकवून शिकवावं लागतं, म्हणे. त्याने मला धरलं, कारण मी बोरी अरबच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेलं. आता मी काय चीज होते, तेही ऐका. यवतमाळच्या कारकुनाची मुलगी, शेतकऱ्याच्या घरात पडलेली, आणि तोरा असा की शुद्ध मराठी जणू माझ्या हुंड्यात आलेली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "पानी दे व मले." मी तांब्या हातात धरून म्हटलं, "मला." त्या म्हणाल्या, "तुले बी पाह्यजे? घे मंग, तूच पे आंधी." त्यावरूनही मी शहाणी झाले नाही. शाळेत "मले" म्हणणाऱ्याला बाकावर उभं करी. निम्मा वर्ग उभाच असे.

तर अशा बाईने फोनला शिकवलं. "कपाशीची पाने लाल पडत आहेत," हे मी बातम्या दिल्यासारखं पन्नास वेळा म्हटलं. फोनची उत्तरंही माझ्याच आवाजात भरली. त्याने एकदा विचारलं होतं, "गावातल्या मानसायचे आवाज बी घेऊ का?" मी म्हटलं, "पाया अशुद्ध नको."

मग बोरी अरबच्या शेतकरी गटापुढे फोन दाखवायचा दिवस आला. गटाने होकार दिला तर कंपनी जगणार होती. नाही तर उमरखेडच्या एका शाळेत खेळाच्या मास्तराची जागा त्याची वाट पाहत होती. एका आजोबांनी फोन तोंडाशी धरला. "पऱ्हाटी लाल पडून राह्यली, काहून बापा?" पऱ्हाटी म्हणजे कपाशीच, पण फोन माझ्या आवाजात म्हणाला, "कृपया पुन्हा स्पष्ट बोला." आजोबा ओरडले, "पऱ्हाटी! लाल! बहिरी हायेस का व?" "कृपया पुन्हा स्पष्ट बोला." मागे बसलेला पन्नाशीचा एक गडी, माझा जुना विद्यार्थी, तो आवाज ऐकून उभाच राहिला. सगळा मांडव हसला. जावेचा मुलगा तेवढा हसला नाही. त्याचा हात दुखऱ्या गुडघ्यावर गेलेला मी पाहिला. गटाचे म्होरके म्हणाले, "बाईची शाळा पुन्ना नाही लागत आमाले. आठ दिस घे. आमच्यासारखा बोलनारा फोन आन."

आठ दिवस आमच्या अंगणात अर्धं गाव बोलत होतं. दोघी बायका भांडल्या, तेही जावेच्या मुलाने फोनमध्ये भरून घेतलं. मी कोणाला मध्येच सुधारू नये म्हणून मला लांब ओट्यावर बसवलं होतं, तोंडात सुपारी देऊन. एकदा हट्टाने मीही "मले" म्हणायला फोनपुढे बसले. पंचेचाळीस वर्षं या घरात राहिले, तरी तो शब्द माझ्या तोंडून पाहुण्यासारखा अवघडत बाहेर आला. जाऊ म्हणाली, "राहू द्या ताई, फोन भेते." सासूबाई असत्या तर त्यांच्याकडून शिकले असते, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

नवव्या दिवशी आजोबांनी तेच विचारलं. फोन जावेच्या आवाजात म्हणाला, "लाल्या पडला असन. पान उलटं करून पाहा बरं, खालून किडे दिसून राह्यले का?" आजोबा खूश होऊन शेजाऱ्याला म्हणाले, "हे बाई समजदार हाये." उमरखेडच्या शाळेने दुसरा मास्तर शोधला.

मांडवातल्या खुर्च्या उचलून झाल्यावर मी त्याच्याजवळ गेले. "तुझी कंपनी मीच बुडवत होते रे," म्हटलं. "आणि शाळेत तर किती पोरांना..." तो वायर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला,

"मोठी आई, तुह्या वर्गात तोंड उघडाची चोरी होती, म्हनून तं मी मैदानावर पळालो."